वास चांगला, चव चांगली, तरी पोट बिघडलं
वाचकांचे प्रश्न : अन्नसुरक्षा आणि पोषण

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत भेटत राहिलं : “वास घेऊन पाहिला, काही वाटलं नाही, म्हणून खाल्लं.” अन्न आंबवणारे, त्याला वास आणणारे जिवाणू वेगळे आणि आजारी पाडणारे बहुतेक जिवाणू वेगळे. पहिले नाकाला कळतात, दुसरे कळत नाहीत. म्हणून उरलेल्या अन्नाच्या प्रश्नांना या वेळी सढळ जागा दिली आहे. लेबलं आणि जीवनसत्त्वं मागून येतात.

प्रश्न : रात्रीचा भात ओट्यावरच राहतो आणि सकाळी परतून खाल्ला जातो. आंबलेला नसतो, वासही येत नाही, कढईत चांगला गरमही होतो. तरी परवा घरात दोघांना खाल्ल्यावर दोन तासांत उलट्या झाल्या. भात कारण असेल का?

उत्तर : पत्रावरून खात्रीने सांगता येणार नाही, पण दोन तासांचं अंतर पाहता पहिला संशय भातावरच जातो. तांदळावर बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे कवच पांघरून झोपलेला जिवाणू. भात शिजताना जिवाणू मरतात, बीजाणू तगून राहतात. पुढे भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ते रुजतात, भराभर वाढतात आणि वाढता वाढता सेरुलाइड नावाचं विष भातात सोडतात.

हे विष १२१ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवलं तरी टिकतं. म्हणजे परतणं, मायक्रोवेव्ह, कुकरच्या शिट्ट्या, काहीही करा, एकदा तयार झालेलं विष जात नाही. “नीट गरम केलं की झालं” हा नियम इथे लागू पडत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत केव्हाही उलट्या सुरू होतात आणि बहुतेकांना दिवसभरात आराम पडतो. याच जिवाणूचा दुसरा प्रकार आतड्यात जाऊन विष तयार करतो. त्यात आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि जुलाब होतात.

शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचं, नाहीतर ५ अंशांच्या खाली. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात ते एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. हवाच ३२ अंशांच्या पुढे असेल तर एकच तास. “एकूण” हा शब्द महत्त्वाचा आहे. जेवताना एक तास बाहेर, नंतर आवराआवरीत अर्धा तास, हे सगळं बेरजेत धरायचं. उरलेला भात पातेल्यात दाबून ठेवू नका. पसरट ताटात चार-पाच सेंटिमीटरपेक्षा पातळ थर करा, वाफ गेली की झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. एकदा गरम केलेला पुन्हा ठेवायचा नाही. नूडल्स, पास्ता आणि उकडलेले बटाटे यांनाही हेच लागू.

पोटात पाणीही ठरत नसेल, शौचातून रक्त पडत असेल, तापही असेल, किंवा आजारी माणूस तान्हं मूल, गरोदर स्त्री वा वयस्क असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

प्रश्न : गरम भांडं ठेवल्याने फ्रिज बिघडतो म्हणतात. म्हणून मटणाचा रस्सा पूर्ण गार झाल्यावरच मी आत ठेवते. मोठं पातेलं असलं की मध्यरात्र होते. सासूबाईंचं म्हणणं, झाकण लावून ठेवलं की काही होत नाही. बरोबर कोण?

उत्तर : दोघींचंही अर्धं बरोबर आहे. गरम भांड्याने फ्रिज मोडत नाही, पण पाच लिटरचं वाफाळतं पातेलं आत गेलं की शेजारचं दूध आणि शिळं अन्न कोमट होतं. आणि तसं पातेलं फ्रिजमध्ये ढकलूनही त्याचा मधला भाग थंड व्हायला रात्र उलटून जाऊ शकते. झाकणाने वरून पडणारी घाण थांबते. आत आधीपासून असलेल्यांना त्याने काही फरक पडत नाही.

आत असतो तो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. याचेही बीजाणू उकळी पचवतात. वर रस्सा उकळताना त्यातली हवा निघून गेलेली असते आणि या जिवाणूला हवा नकोच असते. मांस, कडधान्यं, दाट रस्सा ही त्याची आवडती जागा. ४३ ते ४७ अंशांच्या आसपास तो दर दहा मिनिटांना दुप्पट होऊ शकतो. हिशेब करून पाहा : एका तासात एकाचे ६४, दोन तासांत ४,०९६. म्हणून अन्न गार करताना सगळ्यात धोक्याचा भाग सुरुवातीचाच असतो. व्यावसायिक स्वयंपाकघरांत वापरला जाणारा दंडक हेच सांगतो : ५७ अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत, आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत.

घरी ते असं साधतं. रस्सा दोन-तीन पसरट भांड्यांत वाटून घ्या, खोली पाच सेंटिमीटरच्या आत. मांसाचे मोठे तुकडे असतील तर कापा. सिंकमध्ये किंवा मोठ्या टोपात बर्फ आणि पाणी घालून त्यात भांडं ठेवा. बाहेरचं पाणी आतल्या रश्श्याच्या पातळीपर्यंत आलं पाहिजे. नुसता बर्फ घालू नका, बर्फाचे खडे भांड्याला जागोजागीच टेकतात, पाणी सगळीकडून टेकतं. आणि ढवळा. बहुतेक जण ढवळणं विसरतात आणि मग कडेचा रस्सा गार, मधला गरम, असा प्रकार होतो. स्टीलचं पातळ भांडं लवकर निवतं. मातीचं किंवा जाड प्लॅस्टिकचं भांडं ऊब धरून ठेवतं. वाफ थांबली की झाकण किंचित तिरकं ठेवून फ्रिजमध्ये ठेवा, पूर्ण थंड झाल्यावर घट्ट बसवा.

भातापेक्षा इथे एक दिलासा आहे. परफ्रिंजेन्सचा त्रास होतो तो मोठ्या संख्येने जिवंत जिवाणू पोटात गेल्यावर. विष आतड्यात तयार होतं. त्यामुळे खाण्याआधी रस्सा ढवळत ढवळत मध्यभागी ७४ अंशांपर्यंत नेला तर ते मरतात. पण रात्रभर ओट्यावर राहिलेला रस्सा उकळून वाचवण्याचा हा परवाना नाही, कारण तिथे उष्णतेला न जुमानणारं विष सोडणारे दुसरे जिवाणूही वाढलेले असू शकतात.

टोकदार दांडीचा अन्न-तापमापक घ्या, हे आम्ही मागेही सुचवलं होतं. तो नीट आहे की नाही हे बर्फाच्या पाण्यात तपासा : ग्लास बर्फाने भरून वर थंड पाणी, ढवळून दांडी मध्यभागी धरली की शून्य दाखवायला हवं. उकळत्या पाण्यात तपासू नका. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, मग चूक तापमापकाची की उंचीची हे कळत नाही.

प्रश्न : चिकन शिजवण्याआधी दोन-तीन पाण्यांनी धुवावं ना?

उत्तर : नाही. कच्च्या चिकनवर असू शकणारे कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जिवाणू पाण्याने निघत नाहीत. नळाच्या धारेखाली त्यांचे तुषार सिंकच्या कडा, शेजारची भांडी, चिरून ठेवलेली काकडी यांवर उडतात. चिकन शिजणारच आहे, काकडी शिजणार नाही. रक्त किंवा चिकट स्राव नको असेल तर कागदी रुमालाने टिपा, रुमाल लगेच कचऱ्यात टाका आणि हात साबणाने वीस सेकंद चोळून धुवा. सुरी आणि पाट आधी साबणाने धुवायचे, मग निर्जंतुक करायचे : चार लिटर पाण्यात १५ मिलिलिटर, म्हणजे एक मोठा चमचा, बिनवासाचं घरगुती ब्लीच. उलट क्रमाने केलं तर चरबी आणि मांसाचे कण ब्लीचलाच निकामी करतात. शिजल्याची खूण रंगात शोधू नका. मांस गुलाबी दिसूनही शिजलेलं असतं आणि पांढरं दिसूनही कच्चं. सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश.

गोठवलेलं चिकन ओट्यावर वितळवत ठेवणं ही याच घराण्यातली चूक. आतला गोळा बर्फ असतो तेव्हा बाहेरचा थर खोलीच्या तापमानाला येऊन तासन्‌तास बसलेला असतो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवून वितळवा. दोन-सव्वादोन किलोला एक पूर्ण दिवस धरा. घाई असेल तर पिशवीत हवाबंद करून थंड पाण्यात बुडवा आणि पाणी दर अर्ध्या तासाने बदला. या रीतीने किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवलेलं मांस लगेच शिजवायचं.

प्रश्न : फ्रिजची खुंटी “३” वर ठेवली आहे. म्हणजे आत ३ अंश असतील ना?

उत्तर : नसतील. तो आकडा थंडाव्याच्या जोराचा आहे, अंशांचा नाही. मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास ठेवा, त्यात तापमापक, आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. ४ अंश किंवा त्याहून कमी हवं. हवेचं तापमान मोजू नका, दार उघडताच ते उडी मारतं. पाणी खरं सांगतं. दाराचे कप्पे सगळ्यात उबदार, तेव्हा तिथे लोणची आणि सॉस ठेवा, दूध मात्र आतल्या फळीवर. कच्चं मांस कायम सर्वांत खाली, म्हणजे ठिबकलं तरी खाण्याच्या पदार्थावर ठिबकणार नाही.

फ्रिज वाढीला लगाम घालतो, ती थांबवत नाही. लिस्टेरिया हा जिवाणू तर फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. गरोदर स्त्रियांना कच्च्या दुधाचं मऊ चीज आणि तयार कापलेलं थंड मांस टाळायला सांगतात ते त्यामुळे; मांस वाफाळेपर्यंत गरम करून खाल्लं तर चालतं. बाकी शिजलेलं शिळं अन्न तीन-चार दिवसांत संपवावं. फ्रीझर उणे १८ अंशांना असला तरी जिवाणू बहुतांशी मरत नाहीत, झोपतात. वीज गेली तर दार उघडू नका : बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४.

प्रश्न : कमी आचेवर, तासन्‌तास शिजवलेलं अन्न पचायला हलकं असं वाचून स्लो कुकर घेतला. भिजवलेला राजमा त्यात सहा तास ठेवला, मऊ झाला. खाल्ल्यावर मात्र सगळ्यांना मळमळ आणि उलट्या. राजमा खराब होता का?

उत्तर : राजमा उत्तम असेल, रीत चुकली. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, असतं. लाल राजम्यात ते भरपूर. कच्च्या दाण्यात २०,००० ते ७०,००० एकक, पूर्ण शिजलेल्यात २०० ते ४००. ते नष्ट व्हायला खळखळती उकळी लागते. स्लो कुकरमध्ये दाणा मऊ होतो पण आतलं तापमान ७५ अंशांच्या आसपासच रेंगाळू शकतं. ८० अंशांपर्यंतच तापवलेला राजमा कच्च्यापेक्षा पाचपट विषारी ठरू शकतो. चार-पाच कच्चे दाणेही त्रास द्यायला पुरे. लक्षणं एक ते तीन तासांत येतात आणि बहुधा तीन-चार तासांत ओसरतात.

राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताजं पाणी घालून तीस मिनिटं खळखळ उकळा. त्यानंतर हवं तर स्लो कुकरमध्ये हळू शिजू द्या. प्रेशर कुकरमध्ये तापमान शंभराच्या पुढे जातं, तिथे ही अडचण नाही. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो. एक लक्षात ठेवा : मऊ होणं आणि शिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न : मोड आलेली कडधान्यं रोज सकाळी कच्ची खातो. इतकं आरोग्यदायी अन्न शिजवून त्यातली सत्त्वं का घालवायची?

उत्तर : कारण मोड यायला जे लागतं, म्हणजे ओल, ऊब आणि दोन-तीन दिवस, तेच जिवाणूंनाही लागतं. बियाण्याच्या चिरेत शेतातून आलेले मूठभर जिवाणू मोड येईपर्यंत लाखोंनी वाढतात आणि ते कोंबाच्या आतही असू शकतात, त्यामुळे धुऊन जात नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय या जिवाणूचा ओ१०४:एच४ हा प्रकार पसरला. ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले आणि त्यांतले ५४ दगावले. अनेकांची मूत्रपिंडं बाधित झाली होती. विशेष म्हणजे आजारी पडलेल्यांत धडधाकट प्रौढ मोठ्या संख्येने होते.

वाफेवर किंवा उकळत्या पाण्यात मोड आरपार गरम होईपर्यंत शिजवा. क जीवनसत्त्व थोडं कमी होईल, ते एखाद्या फळातून सहज भरून निघतं. प्रथिनं, तंतू आणि लोह कुठे जात नाहीत. उलट शिजल्याने प्रथिनं अधिक पचतात. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, वयस्क आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चे मोड खाऊच नयेत.

प्रश्न : फळं-भाज्यांवरची कीटकनाशकं घालवायला महागडं द्रावण घ्यावं की मीठ, व्हिनेगर, खाण्याचा सोडा?

उत्तर : द्रावण घेऊ नका, साबण तर मुळीच नको, फळाच्या सच्छिद्र सालीत तो मुरतो. वाहतं पाणी आणि हाताने चोळणं, कडक सालीला स्वच्छ ब्रश, एवढ्याने माती, जंतू आणि वरवरची रसायनं बरीचशी निघून जातात. सोड्याला मात्र थोडा आधार आहे. सफरचंदांवर झालेल्या २०१७ च्या एका अभ्यासात एक टक्का द्रावणात, म्हणजे लिटरभर पाण्यात १० ग्रॅम सोडा, बारा ते पंधरा मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन कीडनाशकं साध्या पाण्यापेक्षा बरीच अधिक निघाली. सालीच्या आत शिरलेला अंश निघाला नाही. तो साल काढल्यानेच जातो, सालीबरोबर तंतूही जातात. आमचं मत : धुवा, साल खा, आणि रोज तीच तीच भाजी न खाता बदलत राहा.

कलिंगड-खरबुजासारखी फळंही कापण्याआधी धुवायची. साल खायची नसली तरी सुरी सालीतूनच आत जाते. आणि पालेभाजी धुऊन ओलीच डब्यात भरू नका, निथळून, कोरडी करून ठेवा.

प्रश्न : पावाच्या एका कोपऱ्याला बुरशी होती. तेवढा भाग काढून बाकीचा खाल्ला. काही धोका?

उत्तर : एकदा खाल्ल्याने बहुधा काही होणार नाही, पण सवय लावून घेऊ नका. पाव सच्छिद्र असतो. वर दिसते ती हिरवी भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू, तिचे धागे त्याआधीच आत पसरलेले असतात. पाव, मऊ चीज, दही, जॅम, मऊ फळं, शिजलेलं अन्न : सगळं टाकायचं. कडक चीज किंवा गाजरासारखी घट्ट भाजी असेल तर डागाभोवतीचा आणि खालचा अडीच सेंटिमीटर भाग कापून उरलेलं वापरता येतं, सुरी बुरशीतून न नेता.

शेंगदाणे, मका आणि सुकामेव्याबाबत मात्र कडक राहा. त्यांवर वाढणाऱ्या अ‍ॅस्परजिलस बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताच्या कर्करोगाशी जोडलेलं आहे आणि भाजण्या-तळण्याने ते पुरतं जात नाही. सुरकुतलेला, रंग उडालेला, खवट किंवा कडू दाणा लागला की तोंडातला थुंका, “एकच तर आहे” म्हणून गिळू नका. चांगले दाणे कोरड्या, हवाबंद डब्यात थंड जागी.

बटाट्याच्या हिरव्या सालीबद्दलही दोन पत्रं आहेत. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो निरुपद्रवी. पण ज्या उजेडाने तो आला त्याच उजेडाने सोलॅनिन हे विषही वाढतं आणि ते उकळून जात नाही. थोडी हिरवट झाक असेल तर जाड साल आणि कोंब खोलवर काढा. बराच हिरवा किंवा कडू लागला तर फेका.

प्रश्न : “साखर घातलेली नाही” असं लिहिलेले मध आणि फळांच्या अर्काचे बार मुलांना देते. हे साखरेपेक्षा बरे ना? आणि मिठाऐवजी गुलाबी मीठ वापरलं तर रक्तदाबाला चालेल का?

उत्तर : दोन्ही ठिकाणी नाव बदललं आहे, माल तोच आहे. जागतिक आरोग्य संघटना “मुक्त साखर” मोजते तेव्हा त्यात आपण घातलेली साखर, मध, पाक, फळांचे रस आणि त्यांचे आटवलेले अर्क हे सगळं धरते. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर धरत नाही. मर्यादा आहे एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. दिवसाला २,००० किलोकॅलरी घेणाऱ्या माणसाला हे अनुक्रमे ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम पडतं; मुलाची ऊर्जा कमी, म्हणून त्याची मर्यादाही कमी. एका चहाच्या चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते. संत्र्याच्या ग्लासभर रसात वीसेक ग्रॅम साखर असते, वरून चिमूटभरही न घालता. एक वर्षाखालच्या बाळाला तर मध अजिबात नको : त्यात बोट्युलिझमच्या, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेच्या, जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते रुजतात.

पाकीट हातात घेतलं की पुढची बाजू वाचू नका, मागची वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर पहिल्या क्रमांकावर येऊ नये म्हणून ती कधी ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फळांचा अर्क, मध अशी तीन-चार नावांत वाटलेली दिसते; सगळ्यांची बेरीज केली की ती वर सरकते. मग आकडे “दर १०० ग्रॅम” आहेत की “दर वाढणी” हे पाहा. पाकीट १५० ग्रॅमचं आणि वाढणी ३० ग्रॅमची असेल, आणि पाकीट एका बैठकीत संपत असेल, तर प्रत्येक आकडा पाचने गुणा.

मिठासाठीही असाच हिशेब. लेबलवर सोडियम असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम मिठाच्या आत, म्हणजे २,००० मिलिग्रॅम सोडियम. समजा १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि तुम्ही ५० ग्रॅम खाल्लं : ४०० गुणिले अडीच, म्हणजे एक ग्रॅम मीठ. दिवसाच्या कोट्याचा पाचवा हिस्सा गेला. गुलाबी, समुद्री, काळं, कोणतंही मीठ घ्या, ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रंग देणारी खनिजं इतकी थोडी की पोषणात त्यांचा हिशेब लागत नाही, आणि त्यांत बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. मग गुलाबी मिठाने रक्तदाब उतरत नाही, आयोडीन मात्र हुकतं. पोटॅशियमयुक्त मिठात सोडियम खरंच कमी असतं, पण मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी दूध आणि अंडी पूर्ण सोडली. बी-१२ साठी स्पिरुलिना (शेवाळाची भुकटी) घेते, लोहासाठी पालेभाज्या. तब्येत ठीक आहे. आणखी काही करायला हवं का?

उत्तर : हो, आणि लवकर. बी-१२ वनस्पतींत भरवशाच्या प्रमाणात नसतं. स्पिरुलिनात जे सापडतं ते मुख्यतः बी-१२ सारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी संयुग असतं. “तब्येत ठीक आहे” हे इथे पुरेसं नाही, कारण यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. तो संपत येतो तेव्हा हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा सुरू होतो आणि मज्जातंतूंची हानी वेळेत थांबवली नाही तर ती पूर्ण भरून येत नाही. फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व भरपूर मिळत असेल, पालेभाज्यांतून किंवा गोळ्यांतून, तर रक्तक्षय दिसत नाही आणि आजार आणखी उशिरा लक्षात येतो.

प्रौढाची गरज दिवसाला २.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास. मग गोळी ५०० किंवा १,००० मायक्रोग्रॅमची का, असं अनेक जण विचारतात. जठरातला एक घटक बी-१२ ला धरून आतड्यात पोचवतो आणि एका वेळी तो फक्त दीड-दोन मायक्रोग्रॅमच वाहून नेऊ शकतो. त्यावरचं जवळपास एक टक्का आपसूक झिरपतं. ५०० च्या गोळीतून म्हणून सहा-सात मायक्रोग्रॅमच अंगी लागतं. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं शोषण आणखी घटतं, मग ते दूध-अंडी खात असले तरी. आधी रक्ततपासणी करून घ्या आणि मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

लोहाचं दुखणं वेगळं आहे. वनस्पतींत ते असतं, पण शरीर त्यातलं थोडंच घेतं, आणि किती घेईल हे सोबत काय आहे त्यावर ठरतं. जेवणाबरोबर चहा किंवा कॉफी घेतली तर शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. दोन्हींत तासाभराचं अंतर ठेवा. उलट क जीवनसत्त्वाने ते वाढतं : लिंबू, पेरू, संत्रं, ढोबळी मिरची, त्याच जेवणात. लिंबू आच बंद केल्यावर पिळा. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका. आणि लोहाच्या गोळ्या मुलांच्या हाती लागतील अशा ठेवू नका. गोळ्या रंगीत, गोडसर असतात आणि मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

प्रश्न : सोललेला लसूण ऑलिव्ह तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवली आहे. तेलात काही खराब होत नाही ना?

उत्तर : ती बरणी आजच टाका, चाखूनही पाहू नका. तेल लसणाला हवेपासून तोडतं आणि बोट्युलिझमच्या जिवाणूला नेमकं तेच हवं असतं : हवा नाही, ओल आहे, आम्ल नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे फ्रिजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणाने ३० हून अधिक लोकांना बोट्युलिझम झाला होता. आम्लता मोजणारा पीएच हा आकडा ४.६ च्या खाली असेल, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट असेल, तर हा जिवाणू वाढत नाही, म्हणून व्हिनेगरमध्ये नीट मुरवलेल्या लसणाची गोष्ट वेगळी. तेलातला लसूण घरी करायचाच असेल तर थोडा करा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. जास्त असेल तर गोठवा. खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत धूसर किंवा दुहेरी दिसणं, पापण्या जड होणं, गिळायला किंवा बोलायला अडखळणं यांपैकी काहीही झालं तर थेट रुग्णालय गाठा. यावर प्रतिविष आहे आणि ते जितक्या लवकर मिळेल तितका उपयोग.

प्रश्न : पाण्यात बुडणारं अंडं चांगलं आणि तरंगणारं खराब, हे खरं का?

उत्तर : त्याने अंड्याचं वय कळतं. दिवस जातील तशी कवचातून वाफ निघून जाते, आतली हवेची पोकळी मोठी होते आणि अंडं वर येतं. साल्मोनेला आहे की नाही हे त्यातून कळत नाही. आजच घातलेल्या, तळाला आडव्या बसलेल्या अंड्यातही तो असू शकतो. पांढरं आणि पिवळं दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवा. तडकलेलं अंडं घरी आणू नका, आणि तरंगणारं अंडं फोडायचंच असेल तर वेगळ्या वाटीत फोडा, बाकीच्या सहांवर नको.